कोचसाहेबांची जीभ

राष्ट्रीय ड्रेसाज संघाचे कोच आयुष्यात दोनदाच गप्प बसले. एकदा स्वतःच्या लग्नात, कारण तिथे त्यांना कोणी काही विचारलंच नाही. दुसरी वेळ ही.

ड्रेसाज म्हणजे घोड्याने ठरलेली पावलं टाकायची आणि वर बसलेल्याने आपण काहीच करत नसल्याचा आव आणायचा. खेळ तसा सभ्य, माणसं सोडून. संघात स्वार तीन. पहिल्या दोघांचे खासगी प्रशिक्षक होते आणि राष्ट्रीय कोचला काही कळत नाही यावर त्या सगळ्यांचं एकमत होतं. तिसरी स्वार दातांची डॉक्टर. तिला दवाखाना उघडण्याआधी रोज सकाळी कोच स्वतः शिकवत. तिची घोडी सतरा वर्षांची, नाकाने कांदे सोलणारी. तबेल्यात सगळे तिला आत्याबाई म्हणत.

कोचना एक खोड होती. कुंपणापाशी उभं राहून जीभ टाळूला लावायची आणि टक् करायचं. टक् केलं की घोडं पुढे. घरीही तेच. बायकोला तयार व्हायला उशीर झाला की टक्, लिफ्ट येईना की टक्. बायकोने एकदा शांतपणे सांगून पाहिलं होतं, "अहो, मी घोडी नाही. लिफ्टही नाही."

एके सकाळी सराव चालू असताना महासंघाच्या सचिवांचा फोन आला. यंदा पात्रता हुकली तर संघ बंद, आणि कोचनाही नारळ. एवढं सांगायला सचिवांनी पाऊण तास घेतला. तेवढा वेळ आत्याबाई मैदानात खांबासारखी उभी. डॉक्टर घोडीच्या कुशींना पाय दाबतेय, घोडी नुसते कान हलवतेय. कोचनी फोन ठेवून सवयीने टक् केलं, तशी आत्याबाई जागच्या जागी इतकी सुरेख दुडकू लागली की कोचना सगळा उलगडा झाला. गेले आठ महिने घोडी डॉक्टरच्या पायाने नव्हे, त्यांच्या जिभेने चालत होती. आणि स्पर्धेत बाहेरून कोणी असा आवाज काढला तर स्वार थेट बाद. तिघांचेही गुण धरत असल्यामुळे एक बाद म्हणजे अख्खा संघ घरी.

पात्रता स्पर्धेपर्यंत उरलेले तीन आठवडे कोच ओठ घट्ट मिटून उभे राहिले. डॉक्टर चिडली, रडली, पाय दाबून दाबून तिच्या पोटऱ्या भरून आल्या. "सर, एकदाच करा ना," ती म्हणाली. कोच नाही म्हणाले आणि तबेल्यामागे जाऊन एका रिकाम्या बादलीसमोर मनसोक्त टक् टक् करून आले.

स्पर्धेच्या दिवशी बायको शेजारी बसली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं. आत्याबाईसाठी आणलेल्या साखरेच्या खड्यांतले दोन तिने पर्समधून काढून नवऱ्याच्याच तोंडात कोंबले.

सगळं ठीक चाललं होतं. जागच्या जागी दुडकायची वेळ आली आणि आत्याबाई थांबली. एक कान डॉक्टरकडे, दुसरा प्रेक्षकांकडे. भवानी कोचना शोधत होती. कोचची जीभ आपोआप टाळूला भिडली. एक टक्, कोणाला कळलंही नसतं. त्यांनी डोळे मिटून खडा कचकन चावला, आणि मागची दाढ तुटली. डोळे उघडले तेव्हा आत्याबाई दुडकत होती. सुरेख नाही, बरी. संघ अगदी काठावर पात्र ठरला.

दुसऱ्या दिवशी कोच डॉक्टरच्या खुर्चीत आडवे झाले. दाढ मोडल्याचा आवाज घोडीने ऐकला असेल का, हा किडा कालपासून त्यांच्या डोक्यात वळवळत होता. ऐकला असावा, असं त्यांना फार वाटत होतं. भूल चढत चाललेल्या जिभेने त्यांनी कसंबसं विचारलं.

"कसला आवाज, सर?" डॉक्टर दाढेत डोकावत म्हणाली. "मी पाय दाबला, ती निघाली. खरं सांगू? तुमची आठवणसुद्धा झाली नाही."

हेच ऐकण्यासाठी त्यांनी तीन आठवडे जीभ आवरली होती. कोचना मनापासून आनंद झाला, आणि दाढ पार बधिर असतानाही आत कुठेतरी चांगलंच दुखलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून डॉक्टरने विचारलं, अजून एक इंजेक्शन देऊ का. कोचनी मानेने नको म्हटलं. आता पुढचं काम सुरू कर, असं सांगायला ते सवयीने टक् करायला गेले, पण जीभ हललीच नाही. डॉक्टरने मात्र काम सुरू केलं होतं.