गच्चीवर वाळवलेल्या फ्लॉप्या

फ्लॉप्या मी गच्चीवर उन्हात वाळत घातल्या होत्या, हे खरं आहे. पण का घातल्या, हे तुमचे आजोबा कोणालाच सांगत नाहीत. पाहुण्यांसमोर अर्धीच गोष्ट सांगतात आणि हशा मिळवतात. म्हणून, तिकडे दूर बसलेल्या माझ्या नातवंडांनो, पूर्ण गोष्ट लिहून ठेवते आहे.

आपला जळगावचा लग्नपत्रिकांचा छापखाना तुम्ही पाहिलेला नाही. नव्वदच्या सुमारास तिथे कॉम्प्युटर आला. त्यावर जुळवलेला मजकूर फ्लॉपीवर उतरवून ठेवायचा. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढं काळं, पातळ, चौकोनी प्रकरण. कॉम्प्युटर सांभाळायला धुळ्याहून सलीमभाई यायचे. त्यांनी आजोबांना बजावलं होतं, परक्याची फ्लॉपी आत घालू नका, आणि प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. मला म्हणाले, "भाभी, ओलीपासून जपा. पावसाळ्यात बुरशी धरते."

आजोबांनी मान डोलावली. नियम पाळले मी. एक प्रत छापखान्यात, दुसरी घरच्या कपाटात, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. (आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी असती तर वेगळ्या बुरशीची गरजच नव्हती.)

त्या मे महिन्यात चाळीसगावच्या नानांच्या मुलीची पत्रिका आमच्याकडे होती. नाना आणि त्यांचे थोरले भाऊ आबा यांच्यात शेताच्या बांधावरून दोन वर्षं अबोला. निमंत्रकांची शंभरावर नावं, आणि कोणाच्या खाली कोण यावर तीन आठवडे बैठका. शेवटी आबांनी सगळा क्रम मान्य करून प्रूफवर सही केली. नानांनी ते प्रूफ माझ्या हातात दिलं आणि बजावलं,

"अक्का, आते एक नाव बी इकडनं तिकडे व्हयनं, तं आबा मांडवमा येवाव नही."

"नाना, निश्चिंत राहा," मी म्हटलं. मजकूर दोन फ्लॉप्यांवर उतरला. मग सहीच्या कागदाचं काय काम? घरी टेबल आवरताना मी तो रद्दीत टाकला.

दुसऱ्या दिवशी पत्रिका छापून द्यायच्या होत्या, आणि त्याच दिवशी आमच्याकडे पापड होते. मे महिन्यात मी घरातलं सगळंच उन्हाला दाखवते. मिरच्या, डाळी, रेशमी साड्या, पुस्तकं. पावसाळा तोंडावर आलेला. मग फ्लॉप्यांनीच काय पाप केलं होतं? तरी मी डोळे मिटून काही करत नाही. फ्लॉपीच्या पाकिटावर इंग्रजीत छापलं होतं, तापमान दहा ते पन्नास अंश. ते वाचणारी घरात मी एकटी. पेपर उघडून पाहिलं, आदल्या दिवशीचं तापमान चव्वेचाळीस. सहा अंशांची सवड होती. मी छापखान्यातल्याही फ्लॉप्या मागवून घेतल्या आणि दोन्ही प्रती पापडांशेजारी ओळीने मांडल्या.

त्याच सकाळी आजोबांनी कुठल्याशा गिऱ्हाइकाची फ्लॉपी आत घातली होती. पडद्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी खाली घरंगळू लागली. ते सांगायला आजोबा घरी आले, तेव्हा मी विचारलं,

"तुम्हाला सांगितलं होतं ना, परक्याची घालू नका म्हणून?"

"अगं, समोर उभा होता तो. नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने."

निरोप मिळताच सलीमभाई दुपारच्या बसने आले. "व्हायरस आहे. सगळं पुसावं लागेल. प्रती आहेत ना?"

"एक नाही, दोन," आजोबा ऐटीत म्हणाले. सलीमभाईंनी सगळं पुसलं. मग दोघं घरी आले.

"फ्लॉप्या दे गं."

"गच्चीवर आहेत."

"गच्चीवर कुठे?"

"पापडांच्या शेजारी."

आजोबा दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेले. वर सगळ्या फ्लॉप्या कडा उचलून, पोट फुगवून पडल्या होत्या. सलीमभाईंनी एक हातात घेतली आणि फुंकर मारली.

"भाभी, ह्या तळल्यात का?"

मी पाकीट त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाचा. पन्नास लिहिलंय. पेपरात चव्वेचाळीस आहे."

"पेपरातला आकडा सावलीतला असतो, भाभी. ही गच्ची आहे."

मग तसं पाकिटावर छापायला काय झालं होतं? जळगावात माल विकायचा तर जळगावची गच्ची पाहून यायला नको?

"सहीचं प्रूफ कुठाय?" आजोबांनी विचारलं.

"रद्दीत."

"आणि रद्दी?"

रद्दीवाला सकाळीच येऊन गेला होता. तेवढ्यात खालून नानांची हाक आली. छापलेल्या पत्रिका न्यायला ते गाडीने थेट आले होते. जिना चढून वर आले आणि हसून म्हणाले, "अक्का, मन्या पत्रिका कोठे शेत?"

आम्ही तिघं तीन दिशांना पाहू लागलो. सांगितलं शेवटी मीच. नाना पापडांच्या कडेला मटकन खाली बसले. "आते बठ्ठं पहिलेपासून," एवढंच पुटपुटले. म्हणजे त्या सगळ्या बैठका पुन्हा.

पापड लाटायला येणाऱ्या ताराबाई डब्यात वाळलेले पापड भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सहीना कागद ना? तो मी डबामा हातरेल शे. रद्दीमा चांगला जाड कागद व्हता, म्हणीसन काढी लिधा."

डबा उपडा केला. तळाशी आबांची सही, तेलाच्या एका डागासकट, आणि वर शंभरावर नावं आपापल्या जागी. आजोबांनी अंधार पडायच्या आत सगळी पुन्हा जुळवली. मी शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवलं, आणि मधूनमधून परक्या फ्लॉपीची आठवणही करून दिली. रात्री पत्रिका घेऊन नाना निघाले तेव्हा आजोबांनी माफी म्हणून पापडांचा तो अख्खा डबा त्यांच्या हातात ठेवला. मला न विचारता.

लग्नाला आबा आले. आमच्या पंगतीत स्वतः वाढायला उभे राहिले. हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, हे त्यांच्या मिशीवरून कळलं. माझ्या पानात पापड ठेवून म्हणाले, "खाय अक्का. हाऊ उनमा वाळाडेल शे."

सगळी पंगत हसली. आजोबा सर्वांत मोठ्याने. मी रागाने दोन खाल्ले. उत्तम झाले होते. त्या दिवशी गच्चीवर मी जे जे वाळत घातलं, त्यातलं लोकांच्या उपयोगी पडलेलं तेवढंच.