लडकूच्या पडवीतली मोटार

त्या काळी मुरबाडहून शहापूरला जाणारी मोटार फक्त उघाडीत चालत असे. पाऊस लागला की काळू नदीतली वाट बंद, कच्चा रस्ता बंद आणि मोटारही बंद. ती पुन्हा दिसायची थेट दिवाळीला. त्यात युद्धामुळे पेट्रोल मिळेना. मग मालक शेठने मोटारीच्या पाठीला एक भलंमोठं उभं पिंप बसवून घेतलं. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून विस्तव फुलवायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. तिकीट मात्र पूर्ण.

हा रस्ता लडकूच्या पाड्यापासून बराच लांबून जात असे आणि लडकूला एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण त्या वर्षी त्याची लेक भागी पोटुशी होती. तिला नदीपलीकडे किन्हवलीच्या अंगाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून लडकू तिला न्यायचं बोलायला गेला, तर तिच्या सासूने, ठकीबाईने, पानाला चुना लावता लावता निकाल दिला.

"इतकी वाट चालवत नेणार? का बैलगाडीत हिंदकळत? मोटार तुमच्या दारापर्यंत जात असंल तर धाडते. नायतर पोरगी हितंच बाळंत होईल."

मोटार आपल्या दारापर्यंत जात नाही, हे लडकूला ठाऊक होतं आणि ठकीबाईलाही. तो घरी आला. आणि तरीही, कशाच्या भरवशावर कोण जाणे, बाळंतिणीसाठी नवी पडवी काढायच्या तयारीला लागला. खांब तोडून आणले, कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या आणल्या, गवताचे भारे रचले.

तेवढ्यात मोटार दारात आली.

ती आली कोळशासाठी. पाड्यात कोळसा स्वस्त मिळतो हे ऐकून ड्रायव्हर कुंडलिक, हंगामाची शेवटची फेरी संपवून, रिकामी मोटार घेऊन आत शिरला होता. पोती चढवेपर्यंत आभाळ फुटलं आणि निघेपर्यंत चाकं लडकूच्या अंगणात आसापर्यंत रुतली. सगळ्या पाड्याने ढकललं. मोटार थोडी मागे सरकली, ती नेमकी नव्या पडवीच्या जागेवर, आणि तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी शेठ छत्री घेऊन चालत आला. चिखलातल्या मोटारीकडे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"लडकू, हिच्यावर छप्पर घाल. कोरडी राहिली पाहिजे. काय देऊ बोल."

"पैसे नको शेठ," लडकू म्हणाला. "दिवाळीला पहिली फेरी माज्या दारापर्यंत आली पायजे. पोरीला आणायची हाय."

"एवढंच? मोटार धडधाकट निघाली तर दर बाजारच्या दिवशी आणीन."

लडकूच्या बायकोने, धोंडीबाईने, हे घरातून ऐकलं. शेठ गेल्यावर ती बाहेर आली.

"अवो, पडवी कोनासाठी घालत होतात?"

"भागीसाठी."

"आन झोपनार कोन तिच्यात?"

"मोटार झोपली तरच भागी येनार गो," लडकू म्हणाला. धोंडीबाईला ते पटलं. म्हणून ती आणखी चिडली.

पडवीचे खांब पुरायचं काम वाळूबाबाचं. पाड्यातली सगळी घरं त्याच्या हातची. मधली मेढ, म्हणजे छपराचा भार घेणारा मुख्य खांब, तो हळद लावून, नारळ फोडून, स्वतःच्या पहारीने खड्डा खणून पुरत असे. तशी त्याने ही पुरली: ओळीत, ओळंब्यात, बरोबर मोटारीच्या नाकासमोर. पुढे कूड उभा राहिला, शेणाने सारवला, वर गवत चढलं. मोटार कशी सुखात बसली म्हणून लोक बघून गेले. आत काय ठेवायचं याचा विचार घर बांधताना करतात. ते बाहेर कसं काढायचं, हा विचार पाड्यात कधी कुणाला करावा लागला नव्हता, कारण बैल आपल्या पायांनी बाहेर येतात आणि खांबाला वळसाही घालतात.

पाऊसभर मोटार घरचीच झाली. आसनांवर कांदे पसरले, सामानाच्या फळीवर बियाणं गेलं. पिंपात उंदीर शिरत नाहीत हे कळल्यावर धोंडीबाईने सुकट त्यात भरली. संध्याकाळी शेजारीपाजारी येऊन आसनांवर बसू लागले. हळूहळू ज्याची त्याची जागा ठरली. खिडकीतून कुडाशिवाय काही दिसत नसे, तरी खिडकीसाठी भांडणं होत. ड्रायव्हरच्या आसनावर धोंडीबाईची कोंबडी अंड्यांवर बसली, तेव्हापासून तिथे कुणी बसायचं धाडस केलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर कुंडलिक लोखंडी हँडल खांद्यावर टाकून आला. पडवीत शिरला. मोटारीकडे पाहिलं, मग मेढीकडे पाहिलं, मग पुन्हा मोटारीकडे.

"लडकूदादा, ही बाहेर कशी यायची?"

"चालवून," लडकू म्हणाला. "ड्रायव्हर तू हाय का मी?"

"चालवीन रे. पण पुढं खांब हाय."

लडकूने मेढीकडे जणू पहिल्यांदाच पाहिलं. मागे घराची भिंत, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, समोर मेढ. तो ओट्यावर बसला तो बसलाच.

वाळूबाबाला बोलावलं. "काढा की ती," कुंडलिक म्हणाला.

"नाय काढता येत," वाळूबाबा म्हणाला. "मेढ पुरली की घरात पाळना हालल्याबिगर ती हालवायची नाय. माज्या बापानं सांगितलंय."

हा नियम पाड्याबाहेर कुणी ऐकला नव्हता. पण पाड्यात वाळूबाबाच्या बापाचा शब्द मोडून कुणी पाहिलाही नव्हता. आणि लडकूची पोर पोटुशी. अशा वेळी मेढ उपटून नसतं विघ्न कोण ओढवून घेईल?

"म्हंजे पाळना हालल्याबिगर मेढ हालनार नाय," कुंडलिक बोटांवर मोजत म्हणाला. "मेढ हालल्याबिगर मोटार हालनार नाय. आन मोटार हालल्याबिगर पाळना येनार नाय."

"बरोबर बोललास," वाळूबाबा म्हणाला. कुणीतरी आपलं म्हणणं इतकं नीट समजून घेतलं याचं त्याला समाधान वाटलं.

लडकू त्या दिवशी जेवला नाही. "ईनबाईंचंच खरं झालं, पोर तिकडंच बाळंत व्हनार," एवढंच म्हणाला आणि भागीसाठी बांधून ठेवलेल्या पाळण्याकडे पाठ करून पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीतून चिवचिव ऐकू आली. कुंडलिकच्या आसनावर पिल्लं निघाली होती. धोंडीबाई ती बघायला आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. बाहेर आली ती पिल्लं पदरात घेऊनच. तिने पाळणा खाली उतरवला, पडवीच्या वाशाला टांगला, त्यात पिल्लं सोडली आणि शेजारच्या बुधीला हाक मारली.

"बुधे, बायांना बोलाव गो. बारसं हाय."

बाया हसत हसत आल्या, पण आल्या. पाळण्याला दोरी बांधली, गाणं म्हटलं, पिल्लांना नावं ठेवली. एकाला शेठचं ठेवलं, एकाला कुंडलिकचं. कुंडलिकने आपलं पिल्लू कोणतं ते विचारून घेतलं. कोंबडी पाळण्याखाली थयथय करत होती. घुगऱ्या वाटल्या. वाळूबाबाला दोनदा वाढल्या. त्याने द्रोण चाटूनपुसून खाली ठेवल्यावर धोंडीबाईने विचारलं,

"बाबा, पाळना हालला का?"

वाळूबाबाने पाळण्याकडे पाहिलं. पाळणा हलत होता. त्याने डोळे मिटले आणि बापाचे शब्द पुन्हा एकदा मनात घोळवले.

"हालला," तो शेवटी म्हणाला. "आत कोन पायजे, ते बापानं सांगितलं नवतं."

मग वेळ लागला नाही. आडव्या वाशाला दोन्ही टोकांना टेकू दिले, तेव्हा त्याचा भार मेढीवरून उतरला. वाळूबाबाने हळद लावून मेढ काढली. पुढचा कूड उचलून बाजूला ठेवला. लडकूचे बैल मोटारीला जुंपले आणि त्यांनी ती उन्हात ओढून आणली. कुंडलिकने पिंप पेटवलं, पोरांनी पंखा फिरवला. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि धडधडू लागलं. त्याबरोबर सगळ्या पाड्यावर खमंग वास पसरला.

"अग बाई," धोंडीबाई म्हणाली, "सुकट काढायची राहिली."

पहिल्या फेरीला मोटार दिसायच्या आधी तिचा वास पोचायचा, असं त्या वाटेवरची माणसं पुढे कितीतरी वर्षं सांगत. काही उतारू म्हणे वास घेऊन जेवायलाच उतरले.

परतीच्या फेरीत भागी आली. शेजारी ठकीबाई. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती सून सोडणार नव्हती. कुंडलिकने मोटार अंगणात उभी केली.

"उतरा मावशी. आलं लडकूदादाचं घर."

"हे तर आंगन," ठकीबाई जागची न हलता म्हणाली. "दारापर्यंत ठरलंय."

कुंडलिकने मोटार पडवीच्या तोंडाशी नेली.

"ही पडवी," ठकीबाई म्हणाली. "दार तिकडं हाय."

कुंडलिकने पुढे पाहिलं. पुढचा कूड अजून लावला नव्हता, मेढ नव्हती, आणि त्या जागेची मोटारीला चांगली सवय होती. त्याने गिअर टाकला आणि मोटार छपराखाली, पाऊसभर उभी होती तिथे, घराच्या दाराला नाक लावून उभी केली. धूर आत गेला. धोंडीबाई पळी हातात घेऊन उंबऱ्यात आली.

"या ईनबाई," ती डोळे पुसत म्हणाली. "का आनखी पुढं घ्यायला सांगू? चूल राहिलीय."

ठकीबाईने खिडकीतून वाकून उंबरा नीट पाहिला. "आता उतरते," ती म्हणाली आणि आधी भागीला हात देऊन उतरवलं. भागीने बापाकडे पाहिलं, वर छपराकडे पाहिलं, आणि तिला असं हसू आलं की पोट धरून ओट्यावर बसावं लागलं. लडकू घाबरून पाणी आणायला धावला.

पोर झाली ती त्याच पडवीत, एका कोपऱ्याला कुडाचा आडोसा करून. पाळणा तोच, पिल्लांची पिसं झटकून घेतलेला. बाराव्या दिवशी घुगऱ्या खाऊन झाल्यावर वाळूबाबा उठला. मधली जागा मोकळी बरी दिसत नाही, म्हणाला, मेढ आजच पुरून टाकू. दर बाजारच्या दिवशी मोटार आता मेढीच्या त्याच मोकळ्या जागेत वळत होती.

तो आपली पहार शोधू लागला. मोटारीखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. लडकूही त्याच्याबरोबर वाकून वाकून शोधत होता. पहार त्याने पहाटेच माळ्यावर, गवताच्या भाऱ्याखाली सरकवली होती.