गुंड्याचा हेल

माझ्या भावाचं पोट दुसऱ्यांच्या जिभा घासण्यावर चालतं. खोटं वाटेल, पण अशी नोकरी असते. फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या एका कंपनीत तो शिकवतो. तिथं गावोगावची पोरं-पोरी कामाला येतात आणि प्रत्येकाच्या तोंडात आपापल्या गावचा हेल असतो. कुणी शब्द ओढतं, कुणी वाक्याच्या शेवटी झटका देतं, कुणी साधा पत्ता विचारला तरी भांडायला आल्यासारखं वाटतं. दादा तो हेल काढून टाकतो. दातांत पेन्सिल धरून वाक्यं म्हणायला लावतो, ओठांपुढं कागदाची पट्टी धरतो, पोरांचं बोलणं टेप करून त्यांचं त्यांनाच ऐकवतो. काही दिवसांत सगळी एकसारखी बोलायला लागतात. एकीनं फोन ठेवला आणि दुसरीनं उचलला तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही.

मी पडदे शिवते. एकदा त्याच्याच ऑफिसच्या खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. बघते तर सगळ्या भिंती राखाडी आणि एकच भिंत भडक केशरी. म्हटलं, "काय रे, मधेच रंग संपला का?" दादा हसला. म्हणाला, "अगं, तेवढाच खोलीला उठाव येतो." वा रे वा! भिंतीला उठाव पाहिजे आणि माणसाच्या बोलण्याला नको! मी ते मोठ्यानंच म्हटलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "ठमे, हळू बोल." हळू बोल म्हणजे आपल्याकडच्यासारखं बोलू नकोस. मला काय कळत नाही का?

आमचं गाव डोंगरात. एक घर ओढ्याच्या अलीकडं तर दुसरं पलीकडं. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हाका मारतात. त्यामुळं वाक्य शेवटाला गेलं की वर चढतं. "आलास काऽऽ", "जेवलास काऽऽ". घरात चुलीपाशी बसून बोलतानाही ते चढतंच. आईचं तर जरा जास्तच. ती दादाला दारातून "गुंड्याऽऽ" म्हणून हाक मारायची, तेव्हा शेजारचे दोन-तीन गुंडेही वळून बघायचे.

हा गुंड्या शहरात शिकायला गेला आणि पहिल्याच दिवशी वर्गात नाव सांगायला उभा राहिला. सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. एवढंच झालं. मारलं नाही, हाकललं नाही, नुसतं हसले. पण दादाच्या ते जे काळजात गेलं ते कायमचं. सुट्टीत घरी आला तेव्हा न्हाणीघरात आरशापुढं पेन्सिल चावत उभा. आई म्हणाली, "दातांना काय झालं रेऽऽ?" आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. पुढच्या सुट्टीत आला तो तोंडात दुसऱ्याचीच जीभ घेऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या दादाचा सुंभ शाबूत राहिला आणि पीळ गेला.

त्याला नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं. वहिनी चांगली आहे, तिच्याबद्दल मी वाकडा शब्द काढणार नाही. बाबा गेल्यावर दोघांनी आईला आपल्याकडं नेलं. आई खुशीत होती. नात झाली होती, तिला मांडीवर घेऊन आई दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायची. नात बोलायला लागली आणि तिचं पहिलंच वाक्य वर चढलं. वहिनीला गंमत वाटली. दादाचा चेहरा मात्र पांढरा पडला.

आणि मग ह्या शहाण्यानं काय करावं? दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, त्यालाच सुचलं. त्यानं आईला शिकवायला घेतलं! सकाळी चहा झाला की तिला खुर्चीत समोर बसवायचं, ओठांपुढं कागदाची पट्टी धरायची, "आई, शेवट खाली आण, खाली." हात खाली करून दाखवायचा, बँडवाल्यासारखा. रागवायचा नाही हं. कधीच नाही. पोरांना शिकवतो तसंच, गोड बोलून. "छान, पुन्हा एकदा." आईनं पहिले काही दिवस मन लावून केलं. मुलगा शिकवतोय म्हटल्यावर का नाही करणार? मग एक दिवस म्हणाली, "माझी जीभ आता वळायची नाही, बाबा. त्यापेक्षा मी गप्प बसते." आणि बसली. दादाला वाटलं रुसली आहे, चार दिवसांत येईल ताळ्यावर. ती रुसली नव्हती. त्याची अडचण होऊ नये म्हणून तिनं आपलं तोंड बंद केलं होतं. तो ऑफिसातून आला, त्याचा आवाज दारात ऐकू आला, की ओठ मिटायची. असं वर्षभर चाललं.

शेवटी मीच भांडून तिला माझ्याकडं आणलं. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत, एकीत शिलाई मशीन आणि एकीत आई. आल्या आल्या ती बोलायला लागली ती थांबेचना. खाली इस्त्रीवाला विचारायचा, "वर कोण गातंय?"

मग तिची नजर गेली. हळूहळू गेली, आणि तिच्यामागून डोकंही सैल होत गेलं. पण कान शाबूत. दूधवाला, शेजारीण, इस्त्रीवाला, सगळे तिला आवाजावरून ओळखू यायचे. नुसतं खाकरलं तरी नाव घ्यायची. दादा दर रविवारी यायचा. एका रविवारी तो नेहमीसारखा तिच्या पलंगाशी बसून म्हणाला, "कसं वाटतंय, आई?" तिनं अंगावरची शाल सारखी केली, ताठ बसली आणि मला म्हणाली, "ठमे, साहेब आलेत. त्यांना चांगली खुर्ची दे."

दादा हसला. त्याला वाटलं टोमणा मारतेय. मलाही तसंच वाटलं, कारण आईच्या टोमण्यांचा मला अनुभव आहे. पण पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. त्यानं तिचा हात हातात घेतला, तिनं सोडवून घेतला. परक्या पुरुषानं हात धरल्यावर बाई सोडवते तसा. "आई, मी गुंड्या," तो म्हणाला. ती माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "साहेबांना गुंड्या ठाऊक आहे वाटतंऽऽ?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचे आता फार दिवस राहिलेले नाहीत. दादाचं एकच मागणं उरलं. तिनं जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, आपल्याला गुंड्या म्हणून हाक मारावी. दुसरं काही नको. तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "ठमे, मला आपल्यासारखं बोलायला शिकव."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला. म्हटलं, "अरे मेल्या, हे शिकायचं असतं का? आईच्या दुधाबरोबर येतं ते." तो म्हणाला, "आलं होतं गं. आता आठवत नाही." आणि खरंच नव्हतं आठवत. वर्षानुवर्षं इतकं घासलं होतं की खाली काहीच शिल्लक नव्हतं. मी म्हणायचे, तो म्हणायचा. शेवट वर न्यायचा, पण जिना चढल्यासारखा, एकेक पायरी मोजत. त्यानं ऑफिसातली सगळी हत्यारं आणली. आरसा आणला. माझं बोलणं टेप केलं आणि गाडीत ऐकत बसायला लागला. मी मशीनवर पडदे शिवतेय आणि हा बाजूला उभा राहून "जेवलीस काऽऽ, जेवलीस काऽऽ" करतोय! एकदा माझं डोकं फिरलं. ओरडले, "दादा, तू पाठ केल्यासारखं बोलतोस रे! माणूस असं बोलतं का?" तो शांतपणे म्हणाला, "पुन्हा म्हण. मी ऐकतो."

चिकाटी मात्र मानली पाहिजे. वहिनी सांगायची, घरी जेवतानाही पुटपुटत असतो. इकडं आई रोज थोडी थोडी कमी होत होती. आधी चालणं गेलं, मग चावून खाणं गेलं, आवाज बारीक झाला. दादा तिच्या खोलीत जाणं टाळायला लागला. म्हणायचा, तयारी झाली की जाईन, उगाच पुन्हा साहेब नको.

मग एका दुपारी मी आतल्या खोलीत आईला पाणी पाजत होते आणि बाहेरून आवाज आला, "ठमे, आहेस काऽऽ?" गावचाच कुणीतरी आला असं वाटलं. दारात दादा. चेहऱ्यावर असा आनंद, की शाळेत असताना पहिला नंबर आला होता तेव्हाही नव्हता. मी म्हटलं, "जमलं रे तुला." माझे डोळे भरून आले. म्हटलं, "जा, आधी तिच्याकडं जा."

तो पलंगाशी बसला. "आई, कशी आहेस गंऽऽ?"

आईनं मान वळवली. तिचा सगळा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. कितीतरी दिवसांनी तिनं हात पुढं केला आणि दादानं तो दोन्ही हातांत धरला. ह्या वेळी तिनं सोडवून घेतला नाही. म्हणाली, "अगोबाई, आमच्याकडचे दिसता. कोणत्या घरचे होऽऽ?"

"आई, मी आहे. गुंड्या."

ती हसली. बोळक्या तोंडानं, मायेनं हसली. "गुंड्याकडं आलात होय? पण तो आता आपल्यासारखं बोलत नाही. सोडलं त्यानं. मोठा माणूस झालाय." मग तिनं त्याला जवळ ओढलं आणि आवाज आणखी बारीक केला. "तुम्ही चांगले दिसता म्हणून सांगते. त्याच्यापुढं असं बोलू नका हंऽऽ. त्याला आवडत नाही."

दादा माझ्याकडं बघायला लागला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. खाली इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडत होता.

दादाला हुंदका आला आणि त्याबरोबर शिकलेलं सगळं गळून पडलं. तो त्याच्या रोजच्या आवाजात, त्या सरळ, स्वच्छ, ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "आई, अगं मीच आहे."

आईचा चेहरा विझला. तिला वाटलं साहेब आत आले. तिनं दादाच्या घरी मिटायची तसे ओठ घट्ट मिटले आणि हातातला पाहुण्याचा हात हळूच दाबला. गप्प राहा म्हणून. दादानं पुन्हा हाक मारली. तिनं पुन्हा दाबला, जरा जोरानं, काळजीनं.

तो संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. काय बोलावं आणि कुठल्या आवाजात बोलावं हे त्याला कळेना. दिवेलागणीला ती गेली तेव्हाही तिचा हात त्याच्याच हातात होता आणि दोघंही गप्प होती.