पिकअपचं पुढचं डावं चाक

त्याला सगळे हळूमिस्त्री म्हणत, तोंडावरही. गाडी गॅरेजात शिरली की तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारी, ड्रायव्हरला चार उलटसुलट प्रश्न विचारी, आणि त्याने पाना हातात धरेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या टायरवाल्याकडे जाऊन त्याच्या नावाने बोटं मोडून येई. "गाडी सुटेल हो तुमची," टायरवाला म्हणे, "पण तोवर केस पिकतील." मिस्त्री ऐकून घेई. त्याने सोडलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे टायरवाल्यालाही ठाऊक होतं.

मिस्त्री काढलेला पार्ट लगेच फेकत नसे. काम संपलं की बाकावर बसून तो बोटांत फिरवून बघे. नव्या पार्टाने गाडी चालू होते, पण ती का बिघडली ते जुनाच सांगतो, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी गाडी घरचीच होती. त्याची लेक जुन्या पिकअपमधून कारखान्यातल्या काचा घाटाखाली पोचवायची. सकाळपासून समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला होता. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून असते ती यंत्रणा.

"बाबा, माल भरलाय आणि गिऱ्हाईक वाट बघतंय. आजच्या दिवस तरी हळूमिस्त्री होऊ नका."

"साधा ब्रेक कसा लागतोय?"

"झकास. हा दिवाच तेवढा डोळे वटारून बसलाय."

त्याने स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर, असं उत्तर आलं. वायर तपासली, कुठे तुटलेली नव्हती. एरवी त्याने जॅक लावून चाक उचललं असतं, वर-खाली धरून हलवून पाहिलं असतं. आज लेक इंजिन चालू ठेवूनच बसली होती. त्याने स्टिअरिंग वळवायला लावलं, आतून हात घालून सेन्सर बदलला. दिवा विझला. चौकापर्यंत एक फेरी मारली, तरी विझलेलाच.

"परत लागला तर घाबरू नकोस," तो म्हणाला. "साधा ब्रेक शाबूत असतो. माल उतरवून ये, मग निवांत बघू."

पिकअप गेली. बायकोने चहा आणून दिला. तो बाकावर बसला, जुना सेन्सर फडक्याने पुसला आणि उजेडात धरला.

टोक एका बाजूने घासलेलं होतं, नव्या नाण्यासारखं चकचकीत.

सेन्सर बोल्टने जागेवर बसवलेला असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचे दाते तो मोजतो, पण कड्याला शिवत नाही. मग टोक घासलं कसं? सेन्सर तर हलत नाही. म्हणजे कडं हललं. कडं हललं म्हणजे चाक हललं, आणि चाक हललं म्हणजे आतलं बेअरिंग गेलं. घोडं इथे पेंड खात होतं, आणि त्याने मात्र सेन्सर बदलून दिवा तेवढा विझवला होता.

"अगं, फोन लाव तिला."

"गाडी चालवताना ती फोन उचलते होय? तुम्हीच तर लावलीत ती शिस्त." बायको बोलली खरी, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून फोन लावला. वाजत राहिला.

दिवा पुन्हा लागला तर ती थांबणार नव्हती. घाबरू नकोस, असं बापानेच सांगितलं होतं.

"टायरवाल्या, बाइकची चावी दे."

"काय मिस्त्री, आज चक्क पळताय?" टायरवाला हसला. मग हसणं गिळून त्याने चावी फेकली.

सरळ रस्त्यावर ते चाक तग धरेल, हे त्याला माहीत होतं. घाटात उजव्या वळणावर मात्र सगळा भार डाव्या चाकावर येतो. चाक डगमगलं की ब्रेकची तबकडीही डगमगते, तिला आवळणारे पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल पहिल्या दाबात खोल जातं. साधा ब्रेक शाबूत, म्हणे! त्याने स्वतःला एक शिवी हासडली आणि गिअर टाकला.

घाटमाथ्यावर पिकअप नव्हती. दोन वळणं उतरल्यावर दिसली, एका टँकरच्या मागे. चाक डुलताना लांबूनही कळत होतं. हॉर्न वाजवावा तर ती दचकून ब्रेकवर पाय मारेल. तो कडेने पुढे गेला, तिच्या खिडकीशी आला आणि नुसता पंजा पालथा करून खाली दाबल्यासारखा केला. हळू. ब्रेक नको.

लेकीने एकदाच पाहिलं. तिने खालचा गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी रेटत रेटत मंदावली. पुढे रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. तिने पिकअप त्यात घातली आणि हँडब्रेक ओढला.

"दिवा परत लागला," ती खाली उतरत म्हणाली. "मागच्या वळणावर पेडल पण दोनदा मारावं लागलं. म्हटलं, बाबांनी बघितलंय ना."

त्याने मागच्या चाकांना दगड लावले, गाडीतला जॅक काढून लावला, चाक उचललं. "धर. एक हात वर, एक खाली. हलव."

तिने हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं. तिने हात काढून घेतले आणि ते पँटला पुसत राहिली.

"खाली पोचले असते का हो?"

"नाही."

खोटं बोलून तिला धीर देणं त्याला जमलं असतं. पण तिला उद्याही गाडी चालवायची होती.

तिने गिऱ्हाइकाला फोन केला. पलीकडचा आवाज चढला तसा हिचाही चढला. "काचा उद्या येतील, अख्ख्या येतील. आज हव्या असतील तर स्वतः येऊन उचला!"

मग टायरवाल्याला फोन करून बेअरिंग आणायला सांगितलं. तोवर मिस्त्रीने जॅक सोडून उजव्या बाजूला नेला होता.

"बाबा, स्कॅनर डावंच सांगतोय ना?"

"सांगू दे," तो म्हणाला, आणि उजवं चाक उचलायला गुडघ्यावर बसला.