झिल्पा मावशीचा पालथा हंडा

झिल्पा मावशीच्या दारात कपडे उकळायचा लोखंडी हंडा पालथा पडलेला असायचा आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. माझी पोरं पळापळी खेळताना त्याला वळसा घालायची. कोंबड्या मेल्या कुठेही बसतात, माझ्या उशीवरसुद्धा, पण त्या हंड्यावर एक कधी बसली नाही. मी काही भुताखेतांना भिणारी बाई नाही. दाराची चौकट निळी रंगवते, निळ्याला भुतं बिचकतात म्हणे, पण ते आपली रीत म्हणून.

इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामीत आम्हाला जमून प्रार्थना करायची बंदी होती. कळलं तर पाठीची सालटी निघायची. म्हणून कुणाच्या तरी खोपटात जमायचं, दारात हंडा पालथा घालायचा आणि कडेखाली एक काटकी सरकवायची. आवाज त्या फटीतून आत शिरतो आणि आतच राहतो, मालकाच्या मोठ्या घरापर्यंत पोचत नाही. हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या फेअरलॉनच्या भातमळ्यावर प्रार्थना करताना कधी कुणी पकडलं गेलं नाही. उठताना मात्र शेवटी जो बोलला त्यानेच हंडा उलटायचा, नाहीतर तो सांगेल त्याने. परक्याने सोडलेला आवाज ज्याचा त्याला सापडत नाही, रानोमाळ भटकतो, असं म्हातारी माणसं सांगायची.

टायटस हा मावशीचा एकुलता एक मुलगा. मोठ्या घरात तो जेवण वाढायला असायचा. मालकाला वाटायचं, वाढणाऱ्याला कान नसतात. उत्तर-दक्षिण राज्यांच्या लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात मालकाने जेवता जेवता वर्तमानपत्रातला अध्यक्ष लिंकनचा हुकूम मोठ्याने वाचला आणि शिव्यांची लाखोली वाहिली. टायटसने शब्दन् शब्द डोक्यात ठेवला. त्या रात्री मावशीच्या खोपटात आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. मी चांगली मोठी होते, तरी जागा नाही म्हणून आईच्या मांडीवर होते.

"वकील आहे तो माणूस," टायटस म्हणाला. "अमुक राज्य, तमुक परगणा, नुसतं कोरडं ठणठणीत. पण मधे एक ओळ आहे. बंडखोर राज्यांतले सगळे गुलाम आजपासून पुढे कायमचे मुक्त."

"हळू बोल रे," मावशी म्हणाली.

"आपल्या माणसांना फौजेत घेणार आहे, आई. बंदुका देणार!"

"हळू बोल म्हणते ना!"

"अगं, वाचता वाचता मालकाची मिशी सूपमध्ये बुडाली," टायटस म्हणाला आणि खो खो हसला. इतका मोठ्याने हसला की भिंतीच्या फळ्या थरथरल्या.

तेवढ्यात कुत्री भुंकली. आम्ही वाट फुटेल तिकडे पळालो. टायटस मागच्या बाजूने थेट नदीकडे गेला, लिंकनच्या निळ्या डगलेवाल्या सैनिकांच्या बोटी होत्या तिकडे. हंडा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सगळा राग मावशीच्या पाठीवर काढला. तिने हूं की चूं केलं नाही.

शेवटी टायटस बोलला होता, तेव्हा हंडा टायटसच उलटणार, असं मावशीने धरून ठेवलं. त्याच उन्हाळ्यात हंडा गुणगुणायला लागला. मी पहिल्यांदा ऐकलं ते धुक्याच्या एका सकाळी, पाणी आणायला जाताना. शेजारच्या खोलीत कुणी तोंडावर पांघरूण घेऊन बोलावं तसा आवाज. मी घागर तिथेच टाकून पळाले.

मावशीला मात्र त्याची भीती नव्हती. भाकरीचा तुकडा घेऊन ती हंड्याजवळ बसायची आणि गप्पा मारायची. "आवाज आहे तोवर माणूस आहे," म्हणायची.

मालकाच्या बाजूचे, हरत आलेले बंडखोर सैनिक लोखंड गोळा करत आमच्याकडे आले. एक दांडगा शिपाई हंडा उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"कोण आहे आत?" त्याने विचारलं.

"माझा मुलगा," मावशी म्हणाली.

तो मागे मागे सरकत गेला. माझ्या आईचा तवा मात्र नेला मेल्याने.

लढाई संपते न संपते तोच बाबा अब्राहमला गोळी घातली. आम्ही लिंकनला बाबाच म्हणायचो. मयताच्या घरी करतात तसे आम्ही आरसे झाकले. घड्याळ आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, म्हणून प्रार्थनाघरातलं एकुलतं एक थांबवलं. बायाबापड्या धाय मोकलून रडत होत्या, जसा काही घरातलाच कर्ता गेला. मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फिबी, हंडा गप्प आहे गं." मी जाऊन कान लावला. नुसतं गार लोखंड. बाबाला पुरल्याची बातमी आली त्या दिवशी हंडा परत बोलायला लागला. ह्याचा अर्थ मला विचारू नका. मला अजून कळलेला नाही.

पुढे आम्ही मुक्त झालो म्हणे. कागदावर मुक्त, आणि गुडघ्याएवढा चिखल तोच. तरी दर एक जानेवारीला, हुकूम लागू झाला त्या दिवशी, आमचे पास्टर आयशम तो हुकूम मोठ्याने म्हणायचे आणि मग सगळ्या गावाचं चवळी-भाताचं जेवण व्हायचं.

"झिल्पाबाई, एवढं मोठं भांडं गावात दुसरं नाही," पास्टर दरवर्षी म्हणायचे. "उलटा की आता. फटक्यांनी काढलेल्या रक्ताची भरपाई तलवारीने होते आहे, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले होते. झाली की ती."

"देशाची झाली असेल," मावशी म्हणायची. "माझा मुलगा अजून यायचाय."

पास्टर माझ्याकडे बघून मान हलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

बऱ्याच वर्षांनी, अशाच एका एक जानेवारीच्या सकाळी आम्ही मावशीच्या अंगणात चवळी निवडत होतो. एक माणूस आला. अंगात जुना निळा डगला, डावी बाही टाचणीने वर लावलेली. नाव अमझी, उत्तरेकडचा, जन्मापासून मुक्त.

"टायटसची आई इथे राहते का?" त्याने विचारलं. "फौजेत त्याने नाव दुसरंच लावलं होतं आणि तुमच्या मळ्याचंही नाव बदललंय. फार शोधलं मी."

मावशी उठून उभी राहिली. "कुठे आहे तो?"

"मावशी, समुद्राकाठच्या किल्ल्यापाशी वाळूत पुरलाय. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं. तेव्हा मला दोन्ही हात होते."

"खोटं!"

"लढाईआधी तो आम्हाला हुकुमातली ती ओळ म्हणून दाखवायचा. म्हणून झाली की हसायचा."

"रोज बोलतो तो माझ्याशी! ह्या पोरींना विचार!"

आम्ही कुणी मान वर केली नाही.

"कधी?" तिने शेवटी विचारलं.

"हुकूम निघाला त्याच वर्षी, उन्हाळ्यात. अंगात ताप होता. सारखं एकच म्हणत होता, मला काही अर्थ लागेना." अमझी घुटमळला. "म्हणाला, आईला सांग, हंडा उलट. आत फार अंधार आहे, श्वास कोंडतोय. मी त्याला विचारत होतो, कसला हंडा?"

अमझीचा बूट हंड्याला टेकलेला होता. त्याने खाली पाहिलं आणि पाय काढून घेतला.

मावशी मटकन खाली बसली. "सांभाळते म्हणत होते मी त्याला," ती म्हणाली. "कोंडलं गं मी माझ्या लेकराला, फिबी." माझा जीव असा तुटला! मी हंडा उचलायला हात पुढे केला.

"लांब हो. त्याने मला सांगितलंय."

ती गुडघ्यांवर सरकत गेली. हंड्याची कड जमिनीत रुतली होती. तिने नखांनी माती उकरली, बोटं आत घातली आणि हंडा कलंडवला. खाली मातीचा गोल डाग होता, गवताची काडी नाही, मुंगी नाही. पण ती काटकी अजून ओली, हिरवीगार होती, आत्ताच मोडून आणल्यासारखी.

मग आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आधी आला तो टायटसचा आवाज नव्हता. बाईचा होता, तरण्याताठ्या बाईचा, भेदरलेला. "हळू बोल रे. हळू बोल म्हणते ना!"

मावशीने आपल्याच तोंडावर हात दाबला. मग हसणं आलं, खो खो, मोकळं. आमच्या डोक्यांवरून नदीकडे गेलं. अमझीने टोपी काढली.

मावशी उठली. फटके खाताना जिच्या तोंडून आवाज निघाला नव्हता ती बाई छाती फाटेस्तोवर ओरडली, "टायटस! मोठ्याने बोल, बाळा! मोठ्याने!" तो आवाज शेतावरून पार मोठ्या घरापर्यंत गेला. कुणी राहत नव्हतं तिथे, तरी खिडक्या वाजल्या.

दुपारी आम्ही हंडा राखेने घासला आणि त्यात चवळी चढवली. उकळी आली तशी मावशीने सगळ्यांना गप्प केलं आणि वाकून कान दिला. आम्हीही दिला. आत नुसती चवळी शिजत होती. मग मात्र ती रडायला लागली.