‘सावत्र सावली’च्या बंगल्याचा नकाशा

आमच्या ह्यांना स्वतःचं घर बांधता आलं नाही, पण त्यांनी काढलेल्या नकाशांवर निम्मं शहर उभं आहे. असं ते म्हणतात. मी म्हणते, पाव. एका इंजिनिअरच्या ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. साहेब कागदावर वेड्यावाकड्या रेघा मारून देत आणि हे त्यांचं घर करत. एकदा साहेबांनी असा जिना सांगितला की चढणाऱ्याचं डोकं वरच्या तुळईवर आपटलंच पाहिजे. ह्यांनी तो काढायला साफ नकार दिला. साहेब म्हणाले, नोकरीवरून काढीन. हे म्हणाले, "मला काढा, पण जिना काढणार नाही." शेवटी जिना बदलला. तेव्हापासून ह्यांची पक्की समजूत आहे की जगात जे मोजता येतं त्यात आपली चूक होत नाही. अशी समजूत घेऊन माणूस रिटायर होतो आणि दिवसभर घरात बसतो, तेव्हा बायकोचं काय होतं ते मला विचारा.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा ह्यांनी आपलं ड्रॉइंग टेबल भंगारात जाऊ दिलं नाही, हमाल लावून घरी आणलं. आमचं घर म्हणजे हॉल, स्वयंपाकघर, आतली एक खोली आणि हॉलला लागून काचा लावून घेतलेली गॅलरी. टेबल गॅलरीत शिरलं आणि गॅलरी संपली.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला असतो, शनिवारी येतो. सून आमच्याजवळ राहते, कारण तिची नोकरी इथल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिला वरची परीक्षा द्यायची आहे. पास झाली तर लॅब तिच्या हाताखाली येईल, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद घेऊन उभी राहील. मागच्या खेपेला थोडक्यात राहिली. आता एकच संधी उरली आहे. म्हणून एकदा जेवताना तिने विचारलं, "बाबा, अभ्यासाला मला एक कायमची जागा मिळेल का? लहानशी चालेल. फक्त मधेच उठावं लागू नये."

हे म्हणाले, "सूनबाई, या घरात जागा नाही. मी मोजलंय."

ह्यांनी मोजलंय म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो. मुलगाही फोनवर म्हणाला, बाबा म्हणतायत तर नसेल. सून काही बोलली नाही. पण ती गप्प बसते तेव्हा तिने विषय सोडलेला नसतो, हे मला तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आमच्यात ते फक्त ह्यांनाच माहीत नव्हतं.

आता ‘सावत्र सावली’बद्दल. ही मालिका रोज संध्याकाळी लागते आणि मी पहिल्या भागापासून पाहते. भिकार आहे, मान्य. तिच्यातली थोरली सून दोनदा मेली, आणि एकदा तर स्वतःच्याच शोकसभेला उशिरा पोचली. नायकाची स्मृती लाईटसारखी जाते आणि येते. आत्याबाई नावाची खलनायिका आहे, ती एक वाक्य बोलायचं तर आधी तीनदा मान वळवते. हे सगळं पाहताना माझं डोकं हलकं होतं, आणि त्या वेळी मला दुसरं काही नको असतं.

हे आधी नाक मुरडायचे. पेपर तोंडासमोर धरून म्हणायचे, "कसलं ते बघत बसतेस." पेपरचं पान मात्र अर्धा तास उलटायचं नाही. एका संध्याकाळी तो पेपर खाली आला.

"अगं, हा दरवाजा काल बाहेर उघडत होता. आज आत उघडला."

झालं. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग टेबलावरची धूळ पुसली गेली, ट्रेसिंग पेपर आला, पेन्सिलींना टोकं झाली, आणि ‘सावत्र सावली’च्या बंगल्याचा नकाशा सुरू झाला. आमच्या बिल्डिंगमधला औषधवाला रविवारी दुकान बंद ठेवतो. तो आला, नकाशा पाहिला आणि घरी परत जायचं विसरला. तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे शास्त्रार्थ होऊ लागला.

मुख्य वाद जिन्याचा. आत्याबाई वर जाताना जिना डावीकडे वळतो, आणि त्या खाली येतात तेव्हाही डावीकडेच. ह्यांचं म्हणणं, बंगल्यात दोन जिने आहेत आणि दुसरा कुटुंबाने लपवून ठेवला आहे. औषधवाल्याचं म्हणणं, जिना एकच, पण काही भाग आरशातल्यासारखे उलटे दाखवतात. पुरावा म्हणून त्याने आत्याबाईंचा तीळ पुढे केला, जो कधी उजव्या गालावर असतो, कधी डाव्या. ह्यांनी ते जागच्या जागी खोडून काढलं. तीळ रंगवलेला असतो आणि रंगवणारा चुकतो. जिना रंगवत नाहीत. मी म्हटलं, "अहो, मालिका काढणाऱ्यालाच अक्कल नाही, एवढं सोपं आहे." दोघांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी साहेब लोक चहा आणणाऱ्याकडे टाकतात. माझं मत शास्त्रात बसत नाही म्हणून बाद झालं.

अशाच एका रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून सून बोलली. हातात पुस्तक होतं, बोट पानात. "बाबा, भिंती झाल्या. पण माणसं कुठे बसतात ते नकाशात नाही."

हे चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कधी सुचलं नाही बघ." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला उभा संसार पुरला नव्हता.

मग खुणा ठरल्या. बसलेल्या माणसाला गोल, उभ्याला फुली. सून रोज लॅबमधून आली की ओट्याशी भाजी चिरता चिरता स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघायची आणि गॅलरीत टेबलाशी बसलेल्या ह्यांना ओरडून सांगायची, "सासरे, खिडकीजवळची खुर्ची. गोल. आत्याबाई, सोफ्याचं डावं टोक. गोल." नकाशा भरत गेला. बंगल्यातल्या कुत्र्यालासुद्धा जागा मिळाली, सोफ्याखाली. आणि मग ह्यांना शोध लागला. रविवार उजाडेपर्यंत त्यांनी तो पोटात कसा ठेवला त्यांचं त्यांनाच माहीत.

"या बंगल्यात धाकट्या सुनेला एकही गोल नाही," हे औषधवाल्याला म्हणाले. "सगळ्या फुल्या. ती दारात उभी असते, जिन्याखाली उभी असते, हातात ट्रे घेऊन पडद्यामागे उभी असते. बसलेली दिसते ती फक्त तुरुंगात आणि हॉस्पिटलात."

"नाही हं," औषधवाला म्हणाला. "मागे एकदा सोफ्यावर बसली होती."

"आणि आत्याबाईंनी उठवली. व्याख्या ऐका. ज्या जागेवरून माणसाला कुणी उठवू शकत नाही, ती त्याची जागा. बाकी सगळ्या नुसत्या रिकाम्या खुर्च्या." आता ह्यांचा आवाज चढला होता. "आणि म्हणूनच मालिका चालली आहे. ती सतत दारात, म्हणून तिच्या कानावर सगळं पडतं. कानावर पडतं म्हणून हातातला ट्रे पडतो. ट्रे पडतो म्हणून सगळे धावत येतात. या पोरीला पहिल्याच आठवड्यात एक खुर्ची दिली असती, तर दुसऱ्या आठवड्यात मालिका संपली असती. लोक आत्याबाईंना शिव्या देतात. खरी लबाडी नकाशात आहे."

औषधवाल्याने हात जोडले. मलाही पटलं, खरं सांगते. भिकार मालिकेत ह्यांनी काहीतरी खरं शोधून काढलं होतं.

सून अजून दारातच होती. "बाबा, आता आपल्या घराचा काढा ना. असाच."

ह्यांना काय, हुरूपच आला. आपलं घर म्हणजे डाव्या हातचा मळ. लगेच कागद ताणला, भिंती आखल्या, आणि आठवडाभर डोळ्यांत तेल घालून खुणा करत बसले. मी मूग गिळून बघत होते. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं, पण हा खेळ सुनेचा होता. माझा गोल टीव्हीसमोरच्या खुर्चीत पडला. ह्यांचे दोन पडले, एक सोफ्यावर, एक गॅलरीत. मुलगा आठवड्यातून एकदा येतो, त्याचा पलंगावर. औषधवाला तर घरातला नाहीच, पण वेताच्या मोड्यावर त्याचाही पडला.

सुनेची फुली ओट्याशी. फुली वॉशिंग मशीनपाशी, झाकणावर वही उघडून. फुली आतल्या खोलीच्या दारात, कारण तिथे उजेड बरा असतो. मंगळवारी तिला सुट्टी होती. ती पलंगाच्या कडेला पुस्तक घेऊन बसली, तेव्हा हे खूश होऊन गोल काढायला गेले. तेवढ्यात मी दुपारची वामकुक्षी घ्यायला आले आणि ती उठली. ह्यांची पेन्सिल कागदाच्या वर तशीच थांबली. व्याख्या त्यांचीच होती.

शनिवारी मुलगा आला तेव्हा नकाशा टेबलावर पसरलेला होता. ह्यांनी सुनेला हाक मारली. चेहरा लाल.

"हे तू मुद्दाम केलंस."

"हो," ती म्हणाली. "मुद्दाम."

मुलगा मधे पडायला लागला, मी त्याला डोळ्यांनीच बसवलं.

"मी तुम्हाला जागा विचारली, तुम्ही म्हणालात मोजलंय," सून म्हणाली. आवाज चढला नाही, खालीही गेला नाही. "मला घर मोजता येत नाही, बाबा. म्हणून तुमच्याकडूनच पुन्हा मोजून घेतलं. परीक्षा जवळ आली आहे. या वेळी मी उभ्याने अभ्यास करणार नाही."

ह्यांनी नकाशा गुंडाळला. दोन दिवस टेबलाकडे फिरकले नाहीत. मालिका लागली की पेपर पुन्हा तोंडासमोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणून मी वाट बघत बसले नाही. मंगळवारी सकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "साहेबांना तुम्ही नोकरी पणाला लावून सांगितलंत की डोकं आपटेल असा जिना काढणार नाही. मग घरातल्या पोरीचं डोकं रोज आपटतंय ते कसं चालतं?"

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. तासाभराने सुताराला घेऊन आले.

टेबलाची उतरती फळी सपाट करून घेतली. पेन्सिली, ट्रेसिंग पेपर, बंगल्याचा नकाशा, सगळं गुंडाळून कपाटावर गेलं. गॅलरीला दार नव्हतंच कधी. सून लाजून म्हणाली, "बाबा, पडदा चालेल की."

"पडद्यावर टकटक करता येत नाही," हे म्हणाले. मग सुताराकडे वळले. "दार पूर्ण. आणि कडी आतून."

सुतार म्हणाला, "बाहेरूनही एक लावतो."

"बाहेरून कशाला? बाहेरच्यांचं तिथे काय काम?"

आता मालिका आम्ही आवाज बंद करून बघतो. जिन्याला आवाज लागत नाही, असं ह्यांचं म्हणणं. औषधवाला कुरकुरतो, पण येतो.

परीक्षा अजून व्हायची आहे. पास होईल की नाही मला माहीत नाही, आणि तिलाही नाही. काल संध्याकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. दार ढकलायला हात पुढे केला, मागे घेतला आणि टकटक केली.

"कोण?"

या घरात आल्यापासून मला कुणी ‘कोण?’ असं विचारलं नव्हतं. "मी गं," मी म्हटलं. "चहा."

"आई, जरा थांबाल का? एवढं संपवते."

क्षणभर माझ्यातली आत्याबाई जागी झाली, नाही असं नाही. माझ्याच घरात, माझ्याच दारात, मला थांबा. मग आतून पेन चालल्याचा आवाज आला, न थांबता, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

ह्यांनी सोफ्यावरून विचारलं, "काय म्हणाली?"

"थांबा म्हणाली."

"मग थांब," हे म्हणाले आणि सरकून मला जागा केली. मी त्यांच्या शेजारी बसले, तिचा चहा मीच पिऊन टाकला, आणि ती बाहेर आल्यावर तिच्यासाठी दुसरा केला.