बाईंपुढे ठेवलेला माइक

गावभर त्याला भोंगा म्हणत. कारण विचारायची गरज नव्हती. नाक्यावर त्याने चहा मागितला, तर पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. स्पीकर-माइक भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. एकच माइक अस्सल, तो मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलेला, बड्या गिऱ्हाइकांसाठी. बाकीचे नकली, पण हुबेहूब. रंग तोच, छाप तीच, हातात घेतल्यावर भारही तेवढाच.

"भोंग्या, नकली चालतो का रे?" कुणी विचारलं, की तो माइक ओठांना टेकवून "हॅलो, हॅलो" गरजायचा. भिंती दणाणायच्या.

"चालतो कसला, धावतो."

त्या दुपारी त्याच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंचा शाळेच्या माडीवर निरोप समारंभ होता. घशाच्या ऑपरेशननंतर बाई पहिल्यांदाच चार लोकांत गाणार होत्या. गळा राहिलाय की गेलाय, तेच त्यांना पाहायचं होतं. भोंग्याने नेहमीसारखं ओठ टेकवून तपासलं आणि नकलीच पुढे ठेवला.

बाई सवयीने माइकपासून वीतभर दूर बसल्या. सूर लागला, पहाटेच्या वाऱ्यासारखा हलका. माइकने तो उचललाच नाही. शब्द मधेच गळू लागले.

"ऐकू येत नाही, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी जोर लावला, तसा स्पीकर किंचाळला. त्या थांबल्या. हात जोडून म्हणाल्या, "माफ करा. गळा गेलाय माझा."

भोंग्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी लोक पांगेपर्यंत त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

खुर्च्या भिंतीशी रचून झाल्या, तेव्हा बाई त्याच्याजवळ आल्या. "बरं झालं, एकदाचं कळलं. आता नाही गायची मी."

"बाई, गळा नाही. माइक."

"माझी समजूत काढू नकोस."

"नकली होता. अस्सल खाली गाडीत आहे. मी माझ्या आवाजावरच तपासत आलो. हळू आवाजाचं मनातच आलं नाही."

"अस्सल वर का नाही आणलास?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल."

"शाळेचाच तर कार्यक्रम, म्हटलं. तुम्हीच तर आहात."

बाईंनी रचलेल्यांतली एक खुर्ची पुन्हा ओढून घेतली. मग म्हणाल्या, "आण तो."

त्याने आणला, जोडला. बाई तशाच वीतभर दूर बसून गायल्या. अक्षर न् अक्षर शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. ऐकायला समोर कुणी नव्हतं. भोंगा मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली, तशी सोडून पुन्हा गुंडाळू लागला.